टर्बोचा एक मॅप घनमीटरमध्ये, दुसरा पौंडात: तुलना करायची कशी?

चक्रधर_२२
नमस्कार मंडळी. मी पुण्यात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या चौघांच्या प्रोजेक्टसाठी लॅबमध्ये डायनोवर (इंजिनची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) बसवलेलं २१७९ सीसीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन मिळालंय. त्याचा मूळ टर्बो गेलेला आहे. दोन पर्याय समोर आहेत आणि दोघांचे कॉम्प्रेसर मॅपही (कुठल्या दाबाला टर्बो किती हवा देऊ शकतो, त्याचे आलेख) हातात आहेत, पण गाडी तिथेच अडलीय.

टर्बो 'अ'च्या मॅपवर आडव्या अक्षावर घनमीटर प्रति सेकंद आहे आणि आम्हाला लागणाऱ्या दाबाला त्याचं उजवं टोक ०.१४ वर येतं. टर्बो 'ब'च्या अक्षावर पौंड प्रति मिनिट, टोक २२ वर. उभ्या अक्षावर दोन्हीकडे दाबाचं गुणोत्तर, तिथे काही वाद नाही.

०.१४ घनमीटर प्रति सेकंद म्हणजे साधारण २९६.६ घनफूट प्रति मिनिट (सीएफएम). इथपर्यंत ठीक. पुढे पौंड काढायला एका ठिकाणी घनफुटाला ०.०७६५ पौंड धरलेत, उत्तर २२.७. दुसऱ्या ठिकाणी ०.०६९ धरलेत, उत्तर २०.५. म्हणजे पहिल्या हिशोबाने 'अ' मोठा आणि दुसऱ्याने 'ब' मोठा! गाईड सरांना विचारलं तर म्हणाले, "दोन्ही आकडे कुठून आले ते आधी शोधा." दोन दिवस शोधतोय. कुणी सांगेल का?

नट_बोल्ट
२२ पौंड बूस्ट? हेड गॅस्केटला आधीच निरोप देऊन ठेवा!

चक्रधर_२२
दादा, बूस्टचे, म्हणजे टर्बोने वाढवलेल्या दाबाचे, पौंड नाहीत हे. एका मिनिटात किती पौंड वजनाची हवा जाते, ते पौंड.

सांगलीकर_मिस्त्री
नट_बोल्ट हसवतायत, पण या 'पौंड'ने भल्याभल्यांना फसवलंय. आमच्याकडे टायरात तीस पौंड हवा मारतात, तो झाला दाब. कॉम्प्रेसरच्या मीटरवर 'सहा किलो हवा' म्हणतात, तोही दाबच. आणि मॅपवरचे पौंड आणि किलो हे खरोखरचं वजन. गॅरेजमध्ये दिवसभर पहिल्या अर्थाने बोलणारा माणूस मॅप समोर आला की गोंधळणारच.

माझी गोष्ट सांगतो. पाच-सहा वर्षांपूर्वी एका अडीच लिटरच्या पिकअपला टर्बो बसवायचा होता. एका विक्रेत्याने मोबाईलवर मॅपचा फोटो पाठवला, खालची पट्टी कापलेली. आकडे दिसत होते, एकक दिसत नव्हतं. आकडे १२ पर्यंत. माझ्या हिशोबाने इंजिनला मिनिटाला साधारण ८ किलो हवा लागत होती. मी समजलो, १२ किलोचा आहे, भरपूर झाला. ते १२ पौंड होते! म्हणजे साडेपाच किलोसुद्धा नाही. गाडी खालून झकास उचलायची, पोरगा खूश. पण तीन हजारांच्या वर टर्बो नुसता किंचाळायचा, हवा वाढायची नाही आणि धूर काळाकुट्ट. अडीच महिन्यांत परत आली. इंटरकूलरचा (टर्बोतून निघालेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा) होज काढला, आत बोट फिरवलं तर तेलात कालवलेली चांदीसारखी पेस्ट बोटाला लागली. कॉम्प्रेसरच्या पंख्याची टोकं हाउसिंगला घासून कानशीने तासल्यासारखी चकाकत होती. अॅल्युमिनियमचा तो भुगा सगळा इंजिनाकडे निघालेला. नवा टर्बो मी पदरचे पैसे घालून दिला. तेव्हापासून कापलेला फोटो आला की मी तो परत पाठवतो.

खडकवासला
मी आयुष्यभर पाटबंधाऱ्यात होतो, टर्बोतलं मला कळत नाही, पण हा प्रश्न ओळखीचा वाटला. आम्ही धरणातून सोडलेलं पाणी क्युसेकमध्ये मोजतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, २८.३ लिटर. चक्रधर, तुमचे ०.१४ घनमीटर म्हणजे जवळजवळ पाच क्युसेक झाले. सेकंदाला १४० लिटर, दीड सेकंदात एक बॅरल! एवढीशी ती टर्बोची गोगलगाय एवढी हवा ओढते हे वाचून मला नवल वाटलं.

मुद्दा असा की पाणी दाबलं जात नाही. क्युसेक सांगितला की वजनही ठरलं, कुणी पुढे विचारत नाही. हवेचा घनफूट मुंबईत वेगळ्या वजनाचा आणि महाबळेश्वरला वेगळ्या. मग नुसते घनफूट सांगून कसं भागेल? कुठली हवा, किती तापमानाची, हे बरोबर यायलाच हवं ना?

डेट्रॉइटवाला
खडकवासला काका, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. मी इकडे मिशिगनमध्ये याच धंद्यात आहे, जरा सविस्तर लिहितो.

चक्रधर, तुझे दोन्ही आकडे घनतेचे आहेत. ०.०७६५ पौंड ही १५ अंश सेल्सिअस आणि समुद्रसपाटीच्या १०१.३ किलोपास्कल दाबाच्या हवेची घनता, म्हणजे आपली पाठ्यपुस्तकातली १.२२५ किलो प्रति घनमीटर. ०.०६९ ही २९.४ अंश आणि ९६.२ किलोपास्कलच्या हवेची, म्हणजे १.१०७ किलो. ही दुसरी जोडी गॅरेट या टर्बो बनवणाऱ्या कंपनीच्या मॅपची संदर्भस्थिती आहे. त्यांच्या भाषेत ८५ अंश फॅरनहाइट आणि १३.९५ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच). 'ब'चा मॅप पौंड प्रति मिनिटात आहे म्हणतोस, तर तो बहुधा याच स्थितीला दुरुस्त केलेला असेल. पण 'बहुधा' म्हणून सोडू नकोस, मॅपच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाच.

आता खरी गंमत. मॅपवरचा प्रवाह हा प्रत्यक्षातला प्रवाह नसतोच. तो 'दुरुस्त' प्रवाह असतो. हाच कॉम्प्रेसर ठरलेल्या एका हवेत चालवला असता तर किती हवा गेली असती, तो आकडा. वजनाचा प्रवाह दुरुस्त करताना तापमानाच्या गुणोत्तराचं वर्गमूळ घेऊन गुणायचं आणि दाबाच्या गुणोत्तराने भागायचं. तापमान केल्विनमध्ये, दाब निरपेक्ष. आकारमानाचा प्रवाह दुरुस्त करताना मात्र दाब गळून पडतो, कारण घनतेत तो आधीच धरला गेलेला असतो. उरतं फक्त तापमानाचं वर्गमूळ. म्हणून घनमीटरच्या मॅपवर बऱ्याचदा एकच संदर्भ-तापमान छापलेलं दिसतं. दाब दिलेला नाही म्हणून लोक घाबरतात, पण तो तिथे लागतच नाही.

'अ'च्या मॅपवर कुठलं तापमान दिलंय ते बघ, मग उत्तर निघेल. तोपर्यंत २२.७ही लिहू नकोस आणि २०.५ही.

व्यवहारी
एवढं पाल्हाळ कशाला? दोन आकड्यांत दहा टक्क्यांचा फरक आहे. इंजिनची भरणक्षमता (सिलिंडर प्रत्यक्षात किती भरतो ते) तुम्ही अंदाजाने धरणार, इंटरकूलरनंतरचं तापमान अंदाजाने धरणार, आणि घनतेच्या तिसऱ्या दशांशावर वाद घालणार. पेट्रोलला एका पौंडाला दहा घोडे, डिझेलला त्याहून कमी, एवढ्यावर लोकांनी वर्षानुवर्षं टर्बो निवडलेत आणि गाड्या पळतायत.

डेट्रॉइटवाला
व्यवहारी, अंदाजातली चूक कधी इकडे पडते, कधी तिकडे. एककातली चूक मात्र दरवेळी एकाच बाजूला पडते, आणि तीही मॅपच्या दोन्ही कडांना. उजवी कड चुकली तर ताकद कमी पडेल, किंवा मिस्त्रींच्या पिकअपसारखं होईल. डावी कड चुकली तर सर्जमध्ये (हवा कॉम्प्रेसरमधून उलटी फिरते त्या स्थितीत) सापडाल, आणि तिथे दहा टक्के फार झाले.

रोहिणी_के
वर्गमूळच का, असा प्रश्न कुणाला पडला असेल तर थोडं. (मी विमानांच्या इंजिनांवर काम केलंय, तिथेही हेच गणित.) कॉम्प्रेसरच्या आत काय होईल हे ठरतं ते हवेचा वेग ध्वनीच्या वेगाच्या कितवा हिस्सा आहे यावर. ध्वनीचा वेग तापमानाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो: १५ अंशाला सेकंदाला ३४० मीटर, ४० अंशाला ३५५. हवा गरम झाली की पंखा तेवढ्याच फेऱ्यांना 'संथ' वाटतो. म्हणून मॅपवरच्या वेगरेषासुद्धा अशाच दुरुस्त केलेल्या असतात. चक्रधर, प्रवाह दुरुस्त करशील आणि फेऱ्या विसरशील, असं नको व्हायला. काही कंपन्यांच्या मॅपवर तर 'वजन गुणिले तापमानाचं वर्गमूळ भागिले दाब' असा अखंड आकडाच अक्षावर असतो. तो बघून दचकू नये. संदर्भाच्या दाबाने गुणलं आणि संदर्भाच्या तापमानाच्या वर्गमुळाने भागलं की ओळखीचे किलो परत मिळतात.

घाटवाटा
विषयांतर होईल, पण राहवत नाही. मागे खारदुंगला चढताना आमच्या डिझेल गाडीचा टर्बो असा ओरडत होता की वाटलं फुटतोय आता. गाडी मात्र सायकलच्या वेगाने. हे त्यातलंच का?

डेट्रॉइटवाला
त्यातलंच. खारदुंगला साधारण ५३५० मीटरवर, हवेचा दाब ५२ किलोपास्कलच्या आसपास. समज तिथे ५ अंश तापमानात इंजिनात मिनिटाला १० पौंड हवा जातेय. गॅरेटच्या संदर्भाने दुरुस्त कर: मॅपवर तो बिंदू १७.७ वर पडतो! वर बूस्ट टिकवायचा तर दाबाचं गुणोत्तरही वाढतं. टर्बोच्या दृष्टीने तो खालच्यापेक्षा कितीतरी मोठं काम करत होता, म्हणून ओरडत होता. शहाणा ईसीयू (इंजिनचा संगणक) तिथे बूस्ट कमी करतो, तो टर्बोच्या जिवासाठी.

घाटवाटा
धन्यवाद. आणि आम्ही डिझेलला शिव्या घालत होतो.

चक्रधर_२२
सर्वांचे आभार. आता इंजिनला लागणारी हवा काढलीय, कुणीतरी तपासा. ३६०० फेऱ्या, भरणक्षमता ०.८८. चार स्ट्रोक असल्याने सेकंदाला ३० वेळा सिलिंडर भरणार, म्हणजे ०.०५७५ घनमीटर. बूस्ट १.३ बार, पुण्याची हवा ०.९५ बार, म्हणून मॅनिफोल्डमध्ये निरपेक्ष २.२५ बार. इंटरकूलरनंतर ६० अंश. घनता २.३५ किलो. गुणाकार ०.१३५ किलो प्रति सेकंद, म्हणजे १७.९ पौंड प्रति मिनिट. दाबगुणोत्तर २.२५ भागिले ०.९५, म्हणजे २.३७. आता हा बिंदू 'ब'च्या मॅपवर ठेवू ना?

डेट्रॉइटवाला
वजन बरोबर काढलंस. मॅपवर ठेवायला घाई करतोयस. दाबगुणोत्तर कॉम्प्रेसरच्या तोंडापासून मागच्या बाजूपर्यंतचं हवं. एअर फिल्टरमध्ये एखादा किलोपास्कल जातो, इंटरकूलर आणि होजमध्ये सहा-सात. पुणे ५६० मीटरवर, नेमका दाब ९४.८. फिल्टरनंतर ९३.८ धर. मागे २३२. गुणोत्तर २.४७ येतं.

आता प्रवाह. लॅबमधली हवा ४० अंश, म्हणजे ३१३ केल्विन. संदर्भ ३०२.८. वर्गमूळ १.०१७. दाबाचं गुणोत्तर ०.९७५. म्हणून १७.९ चे झाले १८.७. हा आकडा मॅपवर ठेव.

नट_बोल्ट
आता चेष्टा नाही, कामाचं सांगतो. एअर मास सेन्सर शाबूत असेल तर स्कॅनरवर ग्रॅम प्रति सेकंद दिसतात. एक पौंड प्रति मिनिट म्हणजे ७.५६ ग्रॅम प्रति सेकंद. तुमचे १७.९ पौंड म्हणजे १३५ ग्रॅम दिसले पाहिजेत. सेन्सरला संदर्भ-बिंदर्भ काही लागत नाही, तो खरं वजन सांगतो. फक्त बघताना ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) बंद ठेवा, नाहीतर मॅनिफोल्डमधली थोडी जागा धुरानेच अडवलेली असते आणि तुमचा हिशोब जुळणार नाही.

पिट_लेन
आम्ही कॉलेजात फॉर्म्युला स्टुडंटची (विद्यार्थ्यांच्या रेसिंग गाड्यांच्या स्पर्धेची) गाडी बनवत होतो तेव्हा हेच भोगलंय. तिथे पेट्रोल इंजिनला २० मिलिमीटरचा रेस्ट्रिक्टर (हवेची वाट अरुंद करणारा तुकडा) लावावा लागतो, आणि टर्बो असेल तर तो कॉम्प्रेसरच्या आधी. एवढ्या भोकातून पुण्याच्या हवेत फार तर सेकंदाला ०.०७ किलो हवा जाते, म्हणजे ९ पौंडांच्या आसपास. आम्ही आरामात ९ पौंडांवर बिंदू ठेवला. पण रेस्ट्रिक्टरनंतर कॉम्प्रेसरच्या तोंडाशी दाब बाहेरचा नसतो, पडलेला असतो! आमच्याकडे तिथे ८२ किलोपास्कल भरला. दुरुस्त केल्यावर ९ चे १०.५ झाले आणि गुणोत्तरही वर सरकलं. एक अख्खा आठवडा मॅप चुकीचा वाचत होतो. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी दाबाचा सेन्सर लावल्यावर उलगडा झाला. चक्रधर, एक सेन्सर तिथे लावच.

व्यवहारी
रेस्ट्रिक्टरचं उदाहरण पटलं. माझं म्हणणं मात्र तेच आहे की दोन टर्बोंची उजवी टोकं जोखून काही ठरत नाही. पोरांनो, १८०० फेऱ्यांना बिंदू कुठे पडतो ते आधी बघा.

जागरूक
एक विचारू? हे रस्त्यावरच्या गाडीत बसवणार नाही ना? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असे बदल चालत नाहीत, आणि विमा कंपनीही हात वर करेल.

चक्रधर_२२
नाही, इंजिन डायनोवरच राहणार आहे.

सांगलीकर_मिस्त्री
सर्ज ओळखायचा असेल तर कान लावा. शिट्टी सरळ असते तोवर ठीक. पाय सोडल्यावर किंवा खालच्या फेऱ्यांत जोर लावल्यावर कबुतरं फडफडल्यासारखा आवाज आला तर हवा उलटी फिरतेय. तसं फार वेळ चालवलं तर थ्रस्ट बेअरिंग जाते. शाफ्ट हाताने पुढेमागे हलवून बघा, खुळखुळली तर समजा.

चक्रधर_२२
(दोन महिन्यांनी परत आलोय, परीक्षा होती.)

'अ'च्या मॅपचा चांगला स्कॅन मिळवला. अक्षाखाली बारीक अक्षरांत २९३ केल्विन लिहिलेलं सापडलं! मग डेट्रॉइटवाला दादांच्या पद्धतीने केलं. आधी ०.१४ घनमीटर २९३ वरून ३०२.८ केल्विनवर नेले, ०.१४२३ झाले. त्याला १.१०७ ने गुणलं, ०.१५७ किलो. म्हणजे २०.८ पौंड. उलट बाजूनेही पडताळलं: २० अंश आणि १०१.३ किलोपास्कलला त्याच बिंदूचे २२.३ पौंड येतात, ते गॅरेटच्या संदर्भावर आणले की पुन्हा २०.८. एकच कॉम्प्रेसर, एकच बिंदू, आणि दोन आकडे. सर हेच सुचवत होते. 'ब'च्या कोपऱ्यातही बघितलं, ५४५ रँकिन (म्हणजे तेच ८५ अंश फॅरनहाइट) आणि १३.९५ पीएसआय, म्हणजे गॅरेटचाच संदर्भ.

मग व्यवहारी काकांचं ऐकलं. १८०० फेऱ्यांना तेवढाच बूस्ट हवा असेल तर १८.७ च्या निम्मे, ९.३ पौंड. २.४७ गुणोत्तराला 'ब'ची सर्ज रेषा १० वर आहे, म्हणजे आम्ही सर्जच्या आत. 'अ'ची रेषा ०.०५५ घनमीटरवर, म्हणजे ८.२ पौंड. 'अ' बसतो. नुसत्या ०.०७६५ ने केलं असतं तर हेच ८.९ आले असते आणि आम्ही 'कड फार जवळ आहे' म्हणून तो सोडून दिला असता.

'अ' बसवला. गेल्या गुरुवारी ३६०० फेऱ्यांवर ईजीआर बंद ठेवून सेन्सरवर १३१ ग्रॅम आले. १३५ धरले होते. म्हणजे भरणक्षमता ०.८८ नव्हे, ०.८५ निघाली. कबुतरं फडफडली नाहीत, मिस्त्रीकाका. आम्ही चौघंही कान लावून बसलो होतो.

व्यवहारी
शाब्बास. दहा टक्क्यांबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो. ८.२ आणि ८.९ चा फरक डोळ्यांसमोर आहे.

सांगलीकर_मिस्त्री
वा! वाचून बरं वाटलं. मला एक सांग बाळा, माझ्याकडे अशा घनमीटरच्या मॅपचे पाच-सहा कागद पडलेत. दरवेळी एवढं गणित कोण करणार? एकाच आकड्याने गुणून तुमचे पौंड मिळतील असं काही आहे का?

चक्रधर_२२
आहे, काका. अक्षाखाली २९३ लिहिलं असेल तर १४८.८ ने गुणा. २९८ असेल तर १४७.५, आणि २८८ असेल तर १५०. गॅरेटच्या पौंडांशी तुलना करायची असेल तरच हे आकडे. मी आधी नेटवर बघून १६२ ने गुणत होतो, ते नका करू.

सांगलीकर_मिस्त्री
लिहून घेतलं. गॅरेजच्या भिंतीवर ऑइलपेंटने रंगवतो, २९३ सकट. उद्या पहिला कागद काढतो, टोक ०.०९ वर आहे. साडेतेरा पौंड झाले की नाही?

चक्रधर_२२
१३.४. अक्षाखालचा आकडा नीट दिसतोय ना काका? फोटो टाका, पट्टी न कापता.